सांधमोड

एप्रिलच्या मध्याला ओमानातल्या त्या गावी सलग तीन दिवस पाऊस लागला आणि वादी, म्हणजे पावसापुरती वाहणारी नदी, आली. एरवी वर्षभर गोट्यांनी भरून पडलेले ते कोरडे पात्र भर दुपारी तांबड्या पाण्याने काठोकाठ भरले, खालच्या बागेतली बारा खजुरीची झाडे मुळासकट घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी, काही झालेच नाही अशा थाटात, पुन्हा कोरडे पडून राहिले. खालच्या सिमेंटच्या वस्तीचे काही बिघडले नाही. बिघडले ते वरच्या उंचवट्यावरच्या जुन्या वस्तीचे. तिला तिथले लोक हारा म्हणत. कच्च्या विटांची साठ-सत्तर घरे, अरुंद बोळ, मधून वाहणारा फलज नावाचा पाण्याचा पाट. राहायला मात्र आता कोणी नाही. माणसे केव्हाच खाली एसीच्या खोल्यांत उतरली होती. त्या रिकाम्या घरांच्या भिंतींनी तीन दिवस पाणी पिऊन घेतले आणि ऊन पडताच त्यांचे गिलावे पोपडे धरून गळू लागले.

ते सावरण्याचे काम एकनाथ गवंड्याकडे होते. कणकवलीपासून आठ मैलांवरचे गाव, बाप गवंडी, आजा गवंडी, जांभ्याच्या चिऱ्यावर लहानपणी हात बसलेला. वय बावन्न. ओमानात येऊन एकोणीस वर्षे झाली होती. त्यांतली पहिली पंधरा मस्कतेत सिमेंटचे ब्लॉक रचण्यात गेली. त्या वर्षांविषयी तो बोलत नसे. चार वर्षांपूर्वी महमूदने त्याला सूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या ह्या गावी आणले. महमूद गावचाच. सूरला त्याची बांधकामाची कंपनी होती आणि हारातल्या घरांच्या डागडुजीचे काम तिच्याकडे आले होते. मजूर त्याला अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. मातीच्या भिंतीला हात लावायला मिळाला त्या दिवसापासून एकनाथ मनाने त्याचा माणूस झाला होता.

दोन वर्षांमागे लेकीचे, मनालीचे, लग्न उरकले आणि बायको वसुंधराही इकडे आली. तिचा भाऊ धनेश आधीपासून एकनाथच्या हाताखाली होता. चाळिशीला टेकलेला, हाताने सावकाश आणि जिभेने चपळ. तिघे महमूदच्या खजुरीच्या बागेमागे दोन खोल्यांत राहत.

पावसानंतर दहा दिवसांनी, भिंती पुरत्या सुकल्यावर, एकनाथ वरच्या बोळातल्या मोठ्या घरापाशी आला. हे घर महमूदच्या आजोबांचे. त्याला लागून डाव्या हाताला दोन खोल्यांचे एक धाकटे घर होते. बोळ त्या धाकट्या घराच्या कोपऱ्याशी येऊन वळे आणि मग मोठ्या घराच्या दारावरून पुढे जाई. दोन्ही घरांच्या दर्शनी भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वी कोणा लग्नाच्या निमित्ताने एकच गिलावा फिरवलेला होता. तो आता खांद्याच्या उंचीपर्यंत गळून पडला होता आणि आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या.

एकनाथने पाणी शिंपडले, हाताने माती पुसली आणि तो थांबला. दोन घरे जिथे भेटत होती तिथे, जोत्यापासून सरळ वर, एक उभा सांधा गेला होता. एका थरावर दुसरा थर, सांध्यावर सांधा. सुरीचे पाते शिरेल एवढी फट.

"धनेश, ह्यां बघ," तो म्हणाला.

धनेशने पाटी खाली ठेवली. "काय आसा?"

"उभो सांधो. जोत्यापासून थेट वरपर्यंत."

"मगे? शंभर वर्सां उभी आसा ना भिंत?"

"असो सांधो दिसलो तर माझो बापूस भिंत लाथेन पाडी. आणि रचणाऱ्याक त्या दिवशी जेवक घाली नसे."

"तुमचो बापूस हय रवता तर सगळ्या गावाक उपाशी ठेवतो," धनेश म्हणाला.

एकनाथ हसला नाही. चिऱ्याच्या कामात पहिला धडा सांधमोडीचा. खालच्या थरातल्या सांध्यावर वरच्या थरातला चिरा यायचा, सांधा मोडायचा, मग पुढचा थर. बापाने त्याला सहाव्या वर्षी काडेपेट्यांनी ते शिकवले होते. उभा सांधा राहिला की एका भिंतीच्या दोन होतात, पाणी त्यातून शिरते, आणि येणारे-जाणारे गवंड्याचे नाव विचारतात. ते नाव सांगताना मान खाली घालावी लागते.

"तुमका कोणी सांगल्यान ह्यां करूक?" धनेशने विचारले. एकनाथने छिन्नी हातात घेतली होती.

"कोणी सांगूक कित्याक व्हया? माझ्या डोळ्यांका दिसता."

काम चार दिवस चालले. सकाळी साडेपाचला सुरू, अकराला ऊन भिंतीवर आले की बंद, पुन्हा चारला सुरू. एकनाथने दोन्ही भिंतींतून एकाआड एक थराच्या विटा काढल्या आणि दाते पाडले. बागेतल्या मातीत भुसा मिसळून, पायाने तुडवून, स्वतःच्या साच्यात विटा पाडलेल्या होत्या. प्रत्येक विटेवर ओली असताना तो अंगठा दाबत असे. दुसऱ्या टोळीच्या विटांत आपल्या मिसळू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. त्या विटा त्याने दात्यांत बसवल्या, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे, आणि मधल्या फटीत पातळ माती थापीने ढोसून भरली.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली. धाकट्या घराच्या बाजूची वीट काढताना त्याच्या छिन्नीला विटेऐवजी गिलावा लागला. फटीच्या आत, जिथे कोणाची नजर पोचणार नाही तिथे, धाकट्या घराची भिंत नीट लिंपलेली होती. त्या लिंपणावर बोटे ओढल्याच्या चार-चार रेघा होत्या आणि त्या रेघांवरून पावसाचे जुने ओघळ उतरले होते. झाकायच्या भिंतीला कोणी गिलावा करत नाही, आणि आतल्या भिंतीवर पाऊस पडत नाही. एकनाथच्या हाताला हे कळले. तो क्षणभर थांबला. धनेशने मागून विचारले, "काय झाला?" तो म्हणाला, "काय नाय," आणि दात्यापुरता गिलावा तासून टाकला.

पाचव्या दिवशी वरून मातीचा हात फिरला आणि भिंत सलग झाली. ओळंब्याला लागली, दोरीला लागली. एकनाथ बोळात दहा पावले मागे गेला आणि त्याने कमरेवर हात ठेवून ती पाहिली. असे काम झाले की त्याच्या पाठीतली कळ थोडा वेळ थांबे.

दुपारी महमूद आला. पांढरी पायघोळ दिश्दाशा, हातात गाडीची किल्ली. तो भिंतीवरून तळहात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"माशाल्ला, मिस्त्री. एक दीवार, एक घर. किधर भी लाइन नहीं."

"लाइन था, अर्बाब. मैं निकाल दिया," एकनाथ म्हणाला.

"अच्छा किया," महमूद म्हणाला. तो फोनवर काहीतरी पाहत होता. त्याने ऐकले की नाही ते कळले नाही. "रविवार को मस्कत से मुहंदिसा आएगी. सब घर का लिस्ट बनता है. कौन बनाया, कब बनाया, पहले कौन आया. ये मेरे जद्द का घर, और ये छोटा उसका मतबख." मुहंदिसा म्हणजे इंजिनिअर बाई, जद्द म्हणजे आजोबा, मतबख म्हणजे स्वयंपाकघर, एवढी अरबी एकनाथला येत होती. "बाद में इधर मेहमान का होटल, मतबख के साथ. यल्ला, बाकी काम खलास करो."

धाकट्या घराला स्वयंपाकघर म्हणताना एकनाथने प्रथमच ऐकले. गावात त्याला शम्साचे घर म्हणत.

शम्साची नात खुदेजा. पंच्याहत्तरीच्या पुढची, उंच, पाठीला बाक नसलेली बाई. राहायला ती खाली लेकीकडे होती. पण रोज सकाळी खजुरीच्या पानांचा झाडू घेऊन वर चढे आणि कोणी राहत नसलेल्या त्या दोन खोल्या झाडून काढी. नवरा सूरच्या गलबतांवर होता, मुंबईपर्यंत जाऊन आलेला. त्याच्याकडून आणि टीव्हीकडून तिला कामापुरती हिंदी आली होती. वसुंधराशी तिचे जुळले ते झाडूवरून. वसुंधराने पहिल्याच आठवड्यात तिच्या हातातला झाडू घेऊन उलट्या बाजूने बांधून दाखवला होता. तेव्हापासून सकाळची कॉफी दोघी शम्साच्या घराच्या उंबऱ्यावर बसून घेत.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. एकनाथ आणि धनेश जेवायला बसले. वसुंधराने भात वाढला, सुरमईची आमटी वाढली आणि ती दाराशी टेकून बसली.

"खुदेजाबाय आज येगळीच होती," ती म्हणाली.

"कित्याक?"

"ती बारकी असताना त्या दोन घरांच्या मधल्या फटीत माडाच्या हिरासारखी काडी घाली. खजुरीच्या पानाची. तिची आवस तिका सांगी, काडी जाता थयसर आपला घर सोपता. त्यांचा घर पुढे सुरू होता. मगे लग्नात वरसून गिलावो केल्यानी आणि फट झाकली. चाळीस वर्सां. आता पावसान गिलावो पडलो तेव्हा ती काडी घेवन इल्ली आणि काडी आत गेली. माका हाक मारून दाखवल्यान. पोरीसारखी हसत होती."

धनेश जेवायचा थांबला. त्याने एकनाथकडे पाहिले आणि पुन्हा ताटात पाहिले.

"आणि आज?" एकनाथने विचारले.

"काम चालू होता तवसर ती तापान खाली लेकीकडेच पडान होती. आज वर इली, तर काडी गेली नाय. तिना हय घातल्यान, थय घातल्यान. मोडली. मगे माका म्हणता, तुझ्या घोवाचो हात लय साफ आसा."

एकनाथने भात कालवला. साफ हात ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी होती. बापाने ती मरेपर्यंत दिली नव्हती.

"ती भांडली?" त्याने विचारले.

"भांडात कशाक? कॉफी दिल्यान. खजूर दिल्यान. तुमच्यासाटी बांधून पण दिल्यान." वसुंधराने कोनाड्यातली पुडी त्याच्या ताटाजवळ ठेवली. "रविवारी ती मॅडम येतली. खुदेजाबाय तिका फट दाखवतली होती. त्या घराचा नाव वेगळा लागाचा म्हणान."

रविवारी मस्कतहून ती मुहंदिसा आली, अंतरा. तिथल्या कुरुम भागातल्या एका सल्लागार कंपनीत नोकरी, मूळची पुण्याची, तिशीची, डोक्यावर टोपी, गळ्यात मोजपट्टी. जानेवारीत ती एकदा येऊन गेली होती, तेव्हा भिंतीवर जुना गिलावा शाबूत होता. एकनाथ मराठी आहे हे कळल्यावर तिला बरे वाटले.

"काका, तुम्ही कणकवलीचे ना? माझे मामा देवगडचे. ही टेप जरा धराल?"

एकनाथने टेप धरली. महमूद आणि खुदेजा दोघेही हजर होते. त्यांचे अरबीत बोलणे झाले. अंतराला अरबी येत होती, एकनाथला अर्धीमुर्धी कळत होती.

खुदेजा म्हणाली, तिची आजी शम्सा सूरहून आली. नवऱ्याचे गलबत परतले नाही म्हणून दोन शेळ्या घेऊन आली. तेव्हा फलजाच्या ह्या अंगाला एकही घर नव्हते. तिने स्वतः विटा पाडल्या, स्वतः लिंपण केले. मोठे घर नंतर तिच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

महमूद हसला. त्याचे हसणे वाईट नव्हते. "खालती," तो मावशीला म्हणावे तसे म्हणाला, "तुझी आजी आमच्या आजोबांकडे स्वयंपाकाला होती. त्यांनीच तिला ही जागा दिली. वस्ती त्यांची. हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"सगळ्या गावाला तुझ्या बापाने सांगितले म्हणून माहीत आहे. बोळ इथे का वळतो? तुझ्या आजोबांनी आधी बांधले असते तर तो सरळ गेला असता. शम्साचे घर मध्ये होते म्हणून वळतो."

"बोळ शेळ्यांनी पाडला, खालती. शेळ्या सरळ चालत नाहीत."

"त्या शेळ्या शम्साच्याच होत्या," खुदेजा म्हणाली. अंतराला हसू आले. महमूदलाही आले.

मग अंतरा भिंतीकडे वळली. तिने जोत्यापासून वरपर्यंत बोटांनी ठोकत पाहिले, टॉर्च तिरकी धरून पाहिली. खुदेजा तिच्या मागे उभी होती; हातात खजुरीच्या पानाची काडी होती, पण ती तिने पुढे केली नाही.

"जॉइंट काही दिसत नाहीये," अंतरा स्वतःशी म्हणाली. मग एकनाथला म्हणाली, "काका, इथे तुम्हीच काम केलंत ना? दोन घरं वेगवेगळी असती तर इथे उभा सांधा असायला हवा. तुम्हाला काही दिसलं होतं?"

महमूद मराठी समजत नव्हता, पण तो एकनाथकडेच पाहत होता. बोळात ऊन उतरू लागले होते. एकनाथच्या हातात टेपचे टोक होते. त्याला ते अंगठ्यात धरून ठेवावेसे वाटले.

"जुनी भिंत होती, मॅडम. पावसाने खराब झाली होती. दुरुस्त केली," तो म्हणाला.

एवढे बोलणे खरे होते.

"वरचा गिलावा काढून बघता आला असता," अंतरा म्हणाली, "पण त्याखालचं जुनं शाबूत काम आम्हाला मालकाच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही." तिने महमूदला अरबीत विचारले. महमूदने नम्रपणे मान हलवली. आजोबांच्या भिंतीला छिन्नी नको. अंतराने वहीत लिहिले. मंगळवारी ती पुन्हा येणार होती, मग यादी मस्कतला जाणार होती आणि मग ती बदलणार नव्हती.

खुदेजाने थरमासातून कॉफी ओतली आणि सगळ्यांना दिली. एकनाथलाही दिली. पेला तीन वेळा भरला. पुरे म्हणताना पेला हलवायचा असतो हे एकनाथला एकोणीस वर्षे माहीत होते, आणि तरी तो हलवायला विसरला. चौथा पेला त्याने उभ्याउभ्या घशाखाली उतरवला.

सोमवार कामात गेला. बोळाच्या टोकाच्या घराचे छत उतरवायचे होते. खजुरीची खोडे वाळवीने पोकळ केली होती. एकेक खाली घेताना खांद्यावर पिठासारखा भुसा सांडे आणि घामात चिकटे. धनेश एरवी अशा कामात अखंड बडबडे. त्या दिवशी तो नुसती खोडे मोजून रचत होता.

अकराला सावलीत बसल्यावर तो म्हणाला, "भावोजी, एक सांगू? बोला नको. अर्बाबान जर काढून टाकल्यान तर माका पण जावचा लागतला. मस्कतेत परत ब्लॉक."

"मी काय बोलतंय?"

"तुमी काय बोलणत नाय. म्हणानच माका भय वाटता."

संध्याकाळी वसुंधरा बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. एकनाथ खाटेच्या पट्ट्या घट्ट करत बसला होता. ती कपड्यांची घडी घालता घालता म्हणाली, "गावच्या आपल्या घराच्या उताऱ्यार कोणाचा नाव आसा?"

"तुका ठावक आसा."

"तुमी सांगा."

"चुलत्याचा."

"बांधल्यान कोणी?"

"बापाशीन."

"मगे चुलत्याचा कित्याक लागला?"

एकनाथने पट्टी ओढली. उत्तर दोघांनाही माहीत होते. ज्या दिवशी नोंद करणारे गावात आले त्या दिवशी बाप कुडाळला दुसऱ्याचे घर बांधत होता. चुलता दारात उभा होता. त्याने आपले नाव सांगितले. बाप वीस वर्षे तालुक्याच्या ठिकाणी खेपा घालत राहिला. प्रत्येक चिऱ्याखालची त्याची करणी त्याला ओळखता येत होती, पण कचेरीत चिरे विचारत नाहीत.

वसुंधराने घडी घातलेला सदरा त्याच्या बाजूला ठेवला आणि ती आत गेली.

मंगळवारी पहाटेच एकनाथ वर गेला. त्याने छिन्नी, हातोडी आणि पाण्याची बादली मोठ्या घराच्या भिंतीशी ठेवली आणि तो जोत्यावर बसून राहिला. धनेश आला, त्याने हत्यारे पाहिली आणि दुसरी बादली भरून आणली. नऊच्या सुमाराला अंतराची गाडी खाली थांबली. मागोमाग महमूद आला. खुदेजा आधीच झाडत होती.

एकनाथ उठला.

"अर्बाब," तो म्हणाला, "दीवार दो था. मैं एक किया."

महमूदला आधी कळले नाही. "क्या बोलता है?"

"इधर नीचे से ऊपर तक लाइन था. दो दीवार. मैं दोनों को जोड़ दिया."

"किसने बोला था तेरे को?"

"किसी ने नहीं बोला. हमारे गाँव में ऐसा लाइन गवंडी का शरम होता है. मैं शरम निकाल दिया." मग तो अंतराकडे वळून मराठीत म्हणाला, "मॅडम, परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच सांगितलं. जुन्या कामाला हात लावायला परवानगी लागते ना? हे खालचं काम जुनं नाही. माझं आहे. माझं काम मी काढू शकतो."

अंतराने वही बंद केली. "काढा," ती म्हणाली.

महमूद पुढे आला. तो एकनाथच्या अगदी जवळ उभा राहिला, अत्तराचा वास यावा इतका. "मिस्त्री, सोच के काम कर," तो हळू म्हणाला. त्यात धमकीपेक्षा नवल अधिक होते.

एकनाथने बादलीतले पाणी भिंतीवर मारले. वरचा मातीचा हात भिजून गळाला आणि विटा उघड्या झाल्या. प्रत्येक नव्या विटेवर अंगठ्याचा खळगा होता. तो त्याच खळग्यांच्या मागे छिन्नी लावत गेला. दाते चांगले बसले होते. चार दिवसांत घातलेले काम निघायला दोन तास लागले, आणि एकेक वीट निघताना इतकी कुरकुरली की धनेश मध्येच म्हणाला, "भावोजी, वायट काम करूक तुमका येनाच नाय." एकनाथच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. बोळात गावातली पाच-सहा माणसे जमली होती. आपलेच काम फोडणारा गवंडी त्यांनी पाहिला नव्हता.

विटा निघाल्यावर त्याने ज्या थरांना दाते पाडले नव्हते त्या थरांतली माती थापीच्या टोकाने उकरली. सरळ फट वर गेली. आत, धाकट्या घराच्या अंगाला, लिंपण दिसले. अंतरा गुडघ्यावर बसली आणि तिने टॉर्च आत धरली.

"गिलावा आहे," ती म्हणाली. "आतल्या बाजूला. ही बाहेरची भिंत होती. ह्याच्यावर पाऊस पडलाय, म्हणजे शेजारचं घर नंतरचं." तिने फोटो काढले, मग तेच महमूदला अरबीत, फार सौम्यपणे सांगितले. "आणि बोटं आहेत इथे," ती पुन्हा मराठीत म्हणाली. "बारीक हात आहे."

"अजून होती," एकनाथ म्हणाला. "दात्यांच्या जागी होती ती मी तासली."

अंतराने त्याच्याकडे पाहिले. मग तिने तेही वहीत लिहून घेतले.

खुदेजा पुढे आली. लोकांनी वाट दिली. तिने लिंपणाकडे पाहिले नाही, बोटांच्या रेघांना हात लावला नाही. ओढणीत खोचलेली खजुरीच्या पानाची काडी काढली, फटीत घातली आणि हळू ढकलली. काडी बोटभर गेली, हातभर गेली. शेवटी तिच्या चिमटीत फक्त टोक उरले. तिने ते तसेच धरून महमूदकडे पाहिले.

महमूदने काडीच्या टोकाकडे पाहिले. मग त्याने मान डोलावली. "तैय्यब, खालती," तो म्हणाला. "ठीक."

अंतराने वहीतल्या एका घराच्या क्रमांकावर काट मारली आणि दोन क्रमांक घातले. एकापुढे महमूदच्या आजोबांचे नाव राहिले. दुसऱ्यापुढे तिने अरबीत लिहिले, आणि एकनाथला कळावे म्हणून मोठ्याने वाचले: बैत शम्सा, शम्साचे घर. पुढच्या रकान्यात, बांधणारा कोण, तिथेही तेच नाव.

गाडी गेल्यावर महमूद परत वर आला. एकनाथ विटांचे तुकडे गोळा करत होता.

"ये छेद बंद करना पड़ेगा. घर गिरेगा," महमूद म्हणाला.

"करता है, अर्बाब."

"ये खलास करके तुम दोनों सूर जाएगा. कंपाउंड का काम है, ब्लॉक का. इधर मैं दूसरा मिस्त्री लाएगा." त्याने किल्ली बोटाभोवती फिरवली. "गुस्सा नहीं है. लेकिन मेरा आदमी मेरे को पहले बोलता है. सब के सामने नहीं."

"हाँ, अर्बाब," एकनाथ म्हणाला. ह्यात महमूदचे काही चुकले नव्हते, हेही त्याला पटत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे काम लागले. आधी धाकट्या घराच्या कोपऱ्यातले दाते त्याने भरून काढले, शम्साच्या भिंतीचे तिच्यात. मग मोठ्या घराच्या भिंतीचे टोक रचायला घेतले. दोन भिंतींच्या मध्ये त्याने दोरी ताणली, जोत्यापासून वर, आणि खाली ओळंबा सोडला. पहिला थर बसला. दुसऱ्या थराला धनेशने, वीस वर्षांच्या सवयीने, विटेचा अर्धा तुकडा उचलून पुढे केला. वीट अर्धी पुढे जाईल, खालचा सांधा मोडेल, पलीकडची भिंत पकडेल.

एकनाथचा हातही तो तुकडा घ्यायला आपणहून पुढे आला होता. त्याने तो मागे घेतला.

"अर्धी नको," तो म्हणाला. "अख्खी दी."

"सांध्यार सांधो येतलो, भावोजी."

"येंव दे."

धनेशने अख्खी वीट दिली. एकनाथने ती दोरीला लावून बसवली, थापीच्या दांड्याने ठोकली, आणि फटीत आलेली माती काढून टाकण्यासाठी डावा हात लांब केला. वसुंधराने तिथे, जोत्यावर, खजुरीच्या पानाची एक काडी आणून ठेवली होती. तो ती फटीतून वर-खाली फिरवी, माती झाडी आणि पुढची वीट मागून घेई. अकरा थर झाले. ऊन भिंतीवर आले तेव्हा सांधा जोत्यापासून खांद्यापर्यंत सरळ उभा होता, ओळंब्याला केसभरही न चुकता.